नाकातला भाडेकरू

१८८० साली न्यू ऑर्लिन्समध्ये अमेरिकी लष्करातले डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी एक विचित्र उद्योग केला. स्वतःची थुंकी त्यांनी सशाच्या कातडीखाली टोचली. ससा मेला, आणि त्याच्या रक्तात जोडीजोडीने चिकटलेले बारीक गोल जंतू सापडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅरिसमध्ये लुई पाश्चर रेबीजने दगावलेल्या एका मुलाची लाळ सशांना टोचत होते. त्यांना रेबीजचं विष हवं होतं, हाती लागला हाच जंतू. दोघांनीही १८८१ मध्ये आपापला शोध स्वतंत्रपणे जाहीर केला. आज आपण त्या जंतूला न्यूमोकॉकस म्हणतो.

यातली खरी चक्रावणारी गोष्ट सशाची नाही, स्टर्नबर्ग यांची आहे. सशाला मारणारा जंतू ते स्वतः तोंडात बाळगून हिंडत होते आणि ठणठणीत होते.

कुठल्याही अंगणवाडीत जाऊन, लांब दांडीच्या कापसाच्या काडीने मुलांच्या नाकाच्या अगदी मागच्या कोपऱ्यातला स्राव तपासला, तर कितीतरी मुलांत हा जंतू सापडेल. दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांत तो बाळाच्या नाकात पहिल्या काही आठवड्यांतच बिऱ्हाड थाटतो. काही आठवडे, कधी महिने राहतो आणि गुपचूप निघून जातो, मग त्याच्या जागी त्याचाच एखादा भाऊबंद येतो. बहुतेक मुलांना याचा पत्ताही लागत नाही. एखाद्याच्या मात्र तो कानात उतरतो, फुप्फुसात शिरतो, रक्तात मिसळतो किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो, आणि सकाळी खेळणारं मूल रात्री दवाखान्यात असतं. शेकडो नाकांत हाच जंतू असताना घात नेमका याच मुलाचा का झाला? लस येण्यापूर्वी या प्रश्नाचं उत्तर एक होतं. लस आली आणि उत्तर बदललं.

जुनं उत्तर होतं वय. १९३३ मध्ये बॉस्टनच्या फोदरगिल आणि राइट या संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांचं रक्त घेऊन ते हिब जंतूला मारू शकतं का, हे तपासलं. हिब म्हणजे हीमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी. नावात इन्फ्लुएन्झा असलं तरी त्याचा फ्लूशी संबंध नाही. एका जुन्या गैरसमजाचं हे नाव, ते तसंच चिकटलं. नवजात बाळाचं रक्त हा जंतू मारत होतं, कारण त्यात आईकडून आलेली प्रतिद्रव्यं होती. मोठ्यांचं रक्तही मारत होतं. मधल्या काळात, साधारण तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, रक्त जणू निःशस्त्र होतं, आणि हिबमुळे होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह याच वयात सर्वांत जास्त दिसायचा. आईची शिदोरी संपलेली आणि स्वतःची कमाई सुरू न झालेली, अशी ती फट होती. श्रीमंताघरचं असो की गरिबाघरचं, प्रत्येक मूल तिच्यातून जायचं.

ही फट इतकी मोठी का, याचं कारण जंतूच्या अंगरख्यात आहे. संक्रांतीला तिळाच्या दाण्यावर पाकाचे थर चढवून हलवा करतात. हिब आणि न्यूमोकॉकस हे दोघेही तसेच, अंगावर लांबलचक शर्करा-साखळ्यांचं जाड आवरण घेऊन फिरतात. मोठ्यांची प्रतिकारयंत्रणा हे आवरण ओळखते. दीड-दोन वर्षांखालच्या बाळाच्या यंत्रणेला नुसती साखर शत्रू म्हणून दिसतच नाही. म्हणूनच नुसत्या आवरणापासून बनवलेली हिबची लस १९७४ मध्ये फिनलंडमध्ये सुमारे एक लाख मुलांच्या चाचणीत तपासली, तेव्हा ती दीड वर्षापुढच्या मुलांत चालली आणि त्याखालच्यांत, म्हणजे जिथे गरज होती तिथेच, फुकट गेली.

तोडगा ऐकायला सोपा वाटतो. जी साखर बाळाला दिसत नाही ती त्याला दिसणाऱ्या प्रथिनाला बांधून द्यायची. कल्पना जुनी होती, एव्हरी आणि गोबेल यांनी ती १९२९ च्या सुमारास प्रयोगशाळेत करूनही पाहिली होती. लशीपर्यंत यायला मात्र अर्धशतक गेलं. जॉन रॉबिन्स आणि रेचल श्नेअरसन ही एक जोडी आणि पोर्टर अँडरसन व डेव्हिड स्मिथ ही दुसरी, अशा चौघांना या कामासाठी १९९६ चं लास्कर पारितोषिक मिळालं. लशीआधी अमेरिकेत पाच वर्षांखालच्या सुमारे २० हजार मुलांना दरवर्षी हिबचा गंभीर आजार व्हायचा. १९९० पासून लहान बाळांना ही जोडलस मिळू लागली, आणि काही वर्षांतच हा आकडा ९९ टक्क्यांहून अधिक घसरला. आज तिथले तरुण बालरोगतज्ज्ञ हिबचा रुग्ण न पाहताच शिक्षण पुरं करतात. आपल्याकडे हिबची लस पेंटाव्हॅलंट (पेंटा) या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीतून डिसेंबर २०११ मध्ये आधी केरळ आणि तमिळनाडूत आली आणि मग देशभर पसरली.

वयाची फट बुजली. तरीही काही मुलं आजारी पडत राहिली. ही मुलं कोण?

पहिला धडा अलास्काने दिला. तिथल्या मूळनिवासी मुलांना हिब फार लवकर, सहा महिन्यांच्याही आत गाठायचा. १९९१ पासून तिथे अशी लस देत होते जी पहिल्याच डोसनंतर भरपूर प्रतिद्रव्यं तयार करते. आजार जवळजवळ गेला. १९९६ मध्ये ती बदलून दुसरी लस आणली, कारण ती ट्रिपल (डीपीटी) लशीच्या सुईतच बसत होती आणि बाळाची एक टोचणी वाचत होती. ही लसही उत्तमच होती, फक्त तिचा असर दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर चढायचा. मूळनिवासी बाळांत हिब परत आला. इतर अलास्कावासी मुलांना तीच लस मिळाली होती, पण त्यांना काही झालं नाही. तपासात दिसलं की मूळनिवासी वस्त्यांतल्या मुलांच्या नाकाघशात हिब अजून मुक्कामाला होता. लशीने आजार थांबला होता, जंतू हटला नव्हता. पहिला डोस पुन्हा जुन्या लशीचा सुरू करावा लागला. दोन डोसांमधले दोन महिने कोणासाठी नुसता रिकामा काळ असतो आणि कोणासाठी उघडं दार, हे शेजाऱ्यांच्या नाकात काय राहतं त्यावर ठरतं.

दुसरा धडा ब्रिटनचा. १९९२ मध्ये तिथे दोन, तीन आणि चार महिन्यांना हिबचे डोस सुरू झाले आणि सोबत चार वर्षांखालच्या सगळ्या मुलांना एकदम टोचून घेतलं. आजार इतका झपाट्याने उतरला की बूस्टरची गरज नाही असं ठरलं. १९९९ नंतर आकडे पुन्हा चढू लागले. घाईघाईत मिळवलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विरळ होत होती, आणि सुरुवातीच्या सरसकट मोहिमेने जंतूला जो दणका दिला होता त्याचा जोरही ओसरला होता. मधल्या काळात वापरलेली एक संयुक्त लसही हिबच्या बाबतीत कमी पडली. २००३ मध्ये बूस्टरची मोहीम काढावी लागली. सुरुवातीचं यश कितपत लशीचं आणि कितपत त्या एकदम मारलेल्या झाडूचं, हे कळायला सात-आठ वर्षं लागली.

हिब एकटा होता, त्याचा धोकादायक अंगरखा एकच. न्यूमोकॉकसचे अंगरखे मात्र शंभरच्या आसपास आहेत. २००० साली अमेरिकेत आलेल्या पहिल्या जोडलशीत त्यातले सात होते. दोन वर्षांखालच्या मुलांत गंभीर न्यूमोकॉकल आजार २००१ पर्यंत ६९ टक्क्यांनी घटला. त्याहून नवल म्हणजे ६५ वर्षांवरच्यांतही तो १८ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्यांना ही लस कोणी दिलीच नव्हती. नातवाला टोचलं आणि आजोबा वाचले, कारण आजोबांच्या छातीत जंतू जायचा तो बहुधा नातवाच्या शेंबडातूनच.

पण नाक रिकामं राहत नाही. सात भाडेकरू गेले तिथे लशीत नसलेले दुसरे आले. १९ए नावाचा प्रकार त्यात सर्वांत चिवट निघाला. अलास्कात लशीतल्या सात प्रकारांचा आजार दोन वर्षांखालच्या मूळनिवासी मुलांत ९६ टक्के घटला, आणि लशीबाहेरच्या प्रकारांचा १४० टक्क्यांनी वाढला. २०१० मध्ये आलेल्या तेरा प्रकारांच्या लशीत १९ए घेतला गेला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या दहा प्रकारांच्या न्यूमोसिल लशीतही तो आहे. या लशीची चाचणी पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात २,२५० बाळांवर झाली, २०१९ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली.

नवे प्रकार बहुतेक वेळा जुन्यांइतके आक्रमक नसतात. धडधाकट मुलाच्या नाकात ते नुसते राहतात. रक्तात शिरायला त्यांना शरीरात आधीच पडलेली एखादी खिंड लागते. म्हणून लशीनंतर जी थोडी मुलं उरतात त्यांत मूळ आजार असलेल्यांचा वाटा वाढतो.

इथे आकड्यांची एक फसवणूक होते, आणि ती व्हॉट्सॲपवर रोज पाहायला मिळते: "दवाखान्यातली बहुतेक मुलं लस घेतलेलीच होती!" समजा, एका मोठ्या गावात १,०५० मुलं आहेत. १,००० जणांनी लस घेतली, ५० जणांनी नाही. लस न घेतलेल्यांत शंभरात दहा आजारी पडतात असं धरू, म्हणजे पाच जण. लस घेतलेल्यांत धोका दहा पटींनी कमी, शंभरात एक, म्हणजे दहा जण. दवाखान्यात पंधरा मुलं, त्यांतली दहा लस घेतलेली. वाक्य खरं आहे, त्यातून काढलेला अर्थ खोटा. लसीकरण जितकं पूर्ण होत जाईल तितकं हे वाक्य अधिक खरं होत जाईल, आणि गावातल्या शंभर टक्के मुलांना लस मिळाली तर आजारी पडणारं प्रत्येक मूल लस घेतलेलंच असेल.

आता शरीरातल्या त्या खिंडींकडे. सर्वांत मोठी खिंड डाव्या बरगड्यांखाली आहे. प्लीहा, म्हणजे पाणथरी, हे मुठीएवढं इंद्रिय रक्त गाळतं. साखरेचा अंगरखा घातलेले जंतू रक्तातून उचलून काढण्याचं काम मुख्यतः तिचं. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या किंग आणि शूमेकर या शल्यविशारदांनी रक्ताच्या एका आनुवंशिक आजारासाठी पाणथरी काढलेल्या पाच बाळांची हकीकत छापली. पाचही जणांना पुढे भयंकर जंतुसंसर्ग झाले. त्याआधी पाणथरी म्हणजे नसली तरी चालेल असं इंद्रिय समजलं जायचं.

शस्त्रक्रिया न होताच ज्यांची पाणथरी जाते अशी मुलं विदर्भात, नंदुरबारात पुष्कळ आहेत. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, पाणथरीच्या बारीक वाटांत अडकतात, आणि ती आतल्या आत वाळत जाते. अमेरिकेत अशा मुलांत न्यूमोकॉकसचा धोका इतका होता की १९८६ मध्ये मेरिलिन गॅस्टन आणि सहकाऱ्यांनी एक साधा उपाय तपासला: रोज दोनदा पेनिसिलिनची गोळी. संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. गोळी न मिळालेल्या गटात तीन मुलं दगावली, गोळी घेणाऱ्यांत एकही नाही. चाचणी आठ महिने आधीच थांबवावी लागली, कारण गोळी नाकारणं आता अन्याय ठरला असता. जन्मतःच सिकलसेल तपासण्याची पद्धत तिथे रुजली ती याच निकालामुळे. वयाच्या पहिल्या महिन्यांत आजार कळलाच नाही, तर गोळी द्यायची कोणाला?

आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू होत नाही, हेही सांगायला हवं. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या वाणात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच टिकून राहतं, त्यामुळे कित्येक मुलांची पाणथरी अधिक काळ काम करते. तरी "एसएस पॅटर्न" लिहिलेलं कार्ड असलेल्या मुलाचा न्यूमोकॉकसचा एकही डोस चुकता कामा नये. न्यूमोकॉकसची जोडलस, म्हणजे पीसीव्ही, आपल्या सरकारी कार्यक्रमात १३ मे २०१७ पासून हिमाचल आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांत सुरू झाली, आणि २९ ऑक्टोबर २०२१ पासून देशभर. दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना बूस्टर. उपकेंद्रात नर्सबाई एका मांडीत पेंटा आणि दुसऱ्या मांडीत पीसीव्ही टोचतात, आई एक मांडी धरते, आशाताई दुसरी. टोचण्याआधी बाई बाटलीवरच्या छोट्या वर्तुळाकडे बघतात. आतला चौकोन वर्तुळापेक्षा फिका असला तर ठीक. तो वर्तुळाइतका गडद झाला असेल तर बाटलीने कुठेतरी ऊन खाल्लं आहे. पण बर्फाशी चिकटून गोठलेली बाटली हा चौकोन दाखवत नाही. ती वरून निर्दोष दिसते आणि आतून निकामी असते. मुलाच्या कार्डावर डोसची तारीख पडते आणि शरीराला काहीच मिळालेलं नसतं.

दुसरी खिंड माणसानेच पाडली. २००२ च्या सुमारास, ऐकू यावं म्हणून कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलांत मेंदूच्या आवरणाच्या दाहाचे रुग्ण वाढल्याचं अमेरिकेत लक्षात आलं. तपासात त्यांचा न्यूमोकॉकसचा धोका त्याच वयाच्या इतर मुलांहून ३० पटींहून अधिक निघाला. कानातून मेंदूच्या आवरणाकडे जाणारी एक नवी वाट तयार झाली होती, आणि इलेक्ट्रोड दाबून बसवण्यासाठी लावलेला एक छोटा तुकडा ती रुंद करत होता. तो तुकडा बाजारातून काढला गेला. शस्त्रक्रियेआधी लशी पूर्ण करायची शिस्त तिथून आली.

शरीराबाहेरच्या जोखमी मोजणं त्याहून अवघड. अलास्काच्या युकॉन-कुस्कोक्विम खोऱ्यात जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे कित्येक गावांत घरात नळच नाही. पाणी भरून आणायचं आणि तेच पुरवून वापरायचं. जिथे बहुतेक घरांत नळ नाही तिथे मुलांत गंभीर न्यूमोकॉकल आजार जास्त, हे लसीकरण झाल्यावरही दिसत राहिलं. पाणी पिण्याइतकं मिळत होतं, हात धुण्याइतकं नाही.

चुलीच्या धुराबद्दल मात्र विज्ञानाने आपल्याला बुचकळ्यात टाकलं आहे. धुराने श्वासनलिकेतली झाडलोट करणारी केसाळ पेशींची फळी लुळी पडते, हे पक्कं ठाऊक आहे. मग चूल गेली की बाळांचा न्यूमोनिया कमी होईल, असं वाटणं साहजिक. भारत (तमिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गरोदर बायकांना घेऊन हॅपिन नावाची चाचणी झाली. निम्म्यांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर दिले. घरातला धूर खरोखर घटला. बाळांच्या पहिल्या वर्षातला गंभीर न्यूमोनिया मात्र कमी झाला नाही. २०२४ मध्ये हा निकाल आला तेव्हा अनेकांचा विरस झाला. माझ्या मते चुलीला निर्दोष ठरवायची घाई करू नये. शेजारच्या घरची चूल आणि गल्लीतला धूर कोणी बंद केला नव्हता, आणि आईच्या डोळ्यांचं, छातीचं नुकसान हा हिशेब वेगळाच आहे. पण एक जोखीम ओळखली की ती काढून टाकताच आजार जातो, हे गृहीत धरणं किती भाबडं, हे या चाचणीने दाखवलं.

सर्वांत अजब पुरावा कोविडने दिला. २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि अनेक देशांत न्यूमोकॉकसचा गंभीर आजार एकदम पडला. सगळ्यांनी मान डोलावली: मुलं घरात, मास्क तोंडावर, जंतू पसरणार कसा? इस्रायलमध्ये मुलांची नाकं तपासली गेली तेव्हा जंतू जवळपास पूर्वीइतकाच सापडला. नाकात तो होताच, फक्त आत शिरत नव्हता. हरवले होते ते फ्लू आणि आरएसव्हीसारखे हिवाळी विषाणू. विषाणू श्वासमार्गाचं अस्तर सोलून काढतो, आणि शांतपणे भाडं भरून राहणारा जंतू त्या फटीतून आत घुसतो. १९१८ च्या साथीत मेलेल्यांपैकी बहुतेकांचा जीवही फ्लूच्या मागून आलेल्या जंतूंनीच घेतला होता.

या साऱ्यातून लशीच्या आवाक्याबाहेर राहतं ते दीड महिन्याच्या आतलं बाळ. त्याचे शत्रूही निराळे. आपल्या रुग्णालयांत नवजातांच्या रक्तात क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर, ई. कोलाय सापडतात, आणि त्यांवर नेहमीची प्रतिजैविकं बऱ्याचदा चालत नाहीत. पेंटा आणि पीसीव्हीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तिथे कामी येतात ती वेगळी हत्यारं: गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात तपासायला लावलं, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला. मोठ्या मुलांचा न्यूमोनिया लशीने जसजसा घटतो, तसतसा गंभीर संसर्गांतला या इवल्या बाळांचा वाटा मोठा दिसू लागतो.

लस नव्हती तेव्हा न्यूमोकॉकसचं मूल म्हणजे नशिबाचा फेरा, आणि डॉक्टर उपचार करून घरी पाठवत. आता सगळे डोस झालेलं तीन वर्षांचं मूल रक्तातल्या न्यूमोकॉकससह आलं की जाणता डॉक्टर बरं केल्यावरही त्याला सोडत नाही. फ्रान्समध्ये अशा मुलांची कसून तपासणी झाली, तेव्हा दोन वर्षांवरच्यांत सुमारे चौथा हिस्सा मुलांत प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष निघाला, जो तोवर कोणालाच माहीत नव्हता. काहींत आयआरएके-४ नावाचं प्रथिन तयार होत नाही. अशा मुलांना संसर्ग झाला तरी ताप नीट चढत नाही, म्हणून आईला धोका कळत नाही. पण किशोरवयापर्यंत जगवलं तर पुढे हे संसर्ग आपोआप विरळ होतात.

आणि काहींत पाणथरीच नसते. जन्मापासून नसते, बाकी मूल सर्व बाजूंनी चांगलं. ते शोधायला महागडी यंत्रं लागत नाहीत. बोटाच्या टोकाचा एक थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी एकेक करून बघत जायच्या. निरोगी पाणथरी प्रत्येक पेशीत उरलेला केंद्रकाचा कण वेचून फेकून देते. ती नसली की काही पेशींत जांभळा, गोल, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका राहून जातो. प्रयोगशाळेतल्या बाई एक ठिपका दिसला की काचपट्टी थोडी सरकवतात, दुसरा दिसला की कागद ओढतात आणि मुलाच्या नावापुढे लिहितात: हॉवेल-जॉली बॉडीज, आढळल्या.